परक्याचा हात

"घाला बोटं काका. ओठ वर करा नि दात बघा."

"बोटं माझी आहेत बुप्पा, बाजारात नवी मिळत नाहीत," असं पुटपुटत शेजारच्या चुआयकाकांनी हात पुढे केला. बुप्पाच्या कुत्र्याच्या, निनच्या, घशात गुरगुर सुरू झाली. बुप्पाने लगेच उकडलेल्या कलेजीचा तुकडा त्याच्या नाकासमोर धरला, तशी गुरगुर थांबली. काकांनी दात बघितले, शेपटी चाचपली, पाठीवरच्या उलट्या केसांच्या पट्ट्यावरून हात फिरवला. कुत्रा जागचा हलला नाही.

"शाब्बास रे माझ्या राजा!" बुप्पाला आनंद आवरेना.

काका मात्र हसले नाहीत. "विजार फाडली होती ह्यानं माझी. आज हात चाटतोय. मला काही हे बरं वाटत नाही."

"कुत्र्यांच्या प्रदर्शनात परीक्षकाला चावला तर हाकलून देतील काका. परक्यानं अंगाला हात लावला तरी गप उभं राहायचं, हाच तिथला नियम."

"नियम तिथला. बाग इथं आहे."

बुप्पाने ते कानाआड केलं. निन पिल्लू असताना तिच्या नवऱ्याने, सवेंगने, त्याला शर्टात घालून घरी आणलं होतं. 'ह्याला चांथाबुरीच्या प्रदर्शनात उभा करीन, मग बघ लोकांचे डोळे,' असं तो म्हणायचा. सवेंग गेला, त्याचं बोलणं मागे राहिलं. ही फणसासारख्या काटेरी दुरियन फळांची बाग, ती स्वतः आणि हा निळसर राखाडी कुत्रा, एवढाच काय तो संसार उरला होता. नवऱ्याची तेवढी एक इच्छा तिला पुरी करायची होती.

म्हणून बर्फवाला येवो, टपालवाला येवो, फळं उतरवणारे गडी येवोत, बुप्पा प्रत्येकाला म्हणायची, "या, हात लावा ह्याला." प्रत्येक हातामागे एक तुकडा. पूर्वी बागेत एखादं फळ पडलं तरी निन भुंकून भुंकून गाव जागं करायचा. आता तो नुसता कान हलवून पुन्हा डोळे मिटायचा. 'शहाणा झाला गं बाई माझा निन,' असं ती कौतुकाने सांगत सुटली.

प्रदर्शनाच्या आदल्या दुपारी ती त्याला अंघोळ घालत होती, तेव्हा पांढऱ्या टोपीचा एक माणूस गाडीतून उतरला. फळांचा भाव विचारायला आलो म्हणाला, पण भाव काही त्याने विचारला नाही. सरळ निनपाशी बसला, जबडा उघडून बघितला, पाठ बघितली.

"परक्याबरोबर जातो का हो?"

"कलेजी दाखवा, तुमच्यामागंसुद्धा येईल!" बुप्पा हसत बोलून गेली.

"उद्या कधी निघणार?"

"भिक्खूंना अन्न वाढून आले की निघायचं."

माणूस हसला आणि निघून गेला.

सकाळी तिने निनला तेलाचा हात लावून चकचकीत केलं, खांबाला बांधलं, घराच्या राखणदार देवतेपुढे लाल सरबताची बाटली ठेवून नवस बोलली आणि भाताचं भांडं घेऊन रस्त्याच्या वळणावर गेली. भिक्खू रांगेने आले. पूर्वी रोज त्यांच्या पावलांची चाहूल लागली की निन बागेतून भुंकायचा आणि बुप्पा शरमेने अर्धी व्हायची. रांगेतले एक म्हातारे भिक्खू आज पात्र पुढे करता करता थांबले.

"बरेच दिवस आवाज नाही. कुत्रा बरा आहे ना, बाई?"

"आता भुंकत नाही महाराज, शहाणा..." बोलता बोलता तिला टोपीवाल्याचा कालचा प्रश्न आठवला. भांडं तिथेच ठेवून ती पळत सुटली.

फाटक सताड उघडं होतं. दोरी कापलेली नव्हती, गाठ नीट सोडवलेली होती. खांबाशी कलेजीचा एक तुकडा पडला होता. कच्चा होता तो, तिच्या घरचा नव्हता.

चुआयकाका धापा टाकत आले. "मी माझ्या अंगणातच होतो गं. एकदासुद्धा भुंकला नाही."

"कसा भुंकेल? भुंकू नको म्हणून मीच शिकवलं ना त्याला!" ती धाय मोकलून रडली. "माझ्याच हातानं दिला काका, माझ्याच हातानं!"

चौकीवर सांगून झालं, दोघांचं गावोगाव विचारून झालं. पांढऱ्या टोपीवाल्याला कुणी ओळखत नव्हतं. तिकडे प्रदर्शनात दुसऱ्यांची कुत्री उभी राहिली.

संध्याकाळी ती पायरीवर बसली होती. काका शेजारी होते. बागेच्या त्या टोकाला धप्पकन फळ पडलं. सवयीने दोघांनीही कान दिला. काहीच आवाज आला नाही.

मग बुप्पा उठली, फाटकाशी जाऊन उभी राहिली आणि अंधारत चाललेल्या झाडांकडे तोंड करून घसा फुटेस्तोवर ओरडली, "कोण आहे रे? कोण आहे तिकडं?"