दोन रिंगांचा निरोप

दुसरी रिंग संपायच्या आत तुळजाबाईंनी पिठाचा हात पदराला पुसला, खिडकीतला फोन उचलला आणि नातू ओढतो तसं हिरव्या गोलावर बोट ओढलं.

“हॅलो. वसंता?”

पलीकडे इंजिनाची घरघर, मग वारा, मग फोन तुटला.

सून संध्या घागर घेऊन दारात आली होती. सासूच्या कानाशी फोन पाहून तिनं घागर उंबऱ्यातच टेकवली.

“आत्या! उचलला?”

“उचलला. काय बिघडलं?”

“अवो, उचलायचा न्हाई ना! दोन रिंगा म्हंजी तो बराबर हाय. आन् आपन उचलला म्हंजी घरी कायतरी वंगाळ झालं, माघारी ये. असं ठरलंय आमचं.”

तुळजाबाईंनी चटका बसल्यासारखा फोन खिडकीत ठेवून दिला.

रीत जुनी होती, रिचार्ज जपून वापरायच्या दिवसांतली. आता कितीही बोला, पण वसंतानं ती मोडली नव्हती. आज तो गाडीत हिरवी मिरची भरून टेंभुर्णीहून धारणीला निघाला होता. अकोटच्या पुढं मेळघाटाचं जंगल लागतं. तिथं नकाशातला बाण जागच्या जागी अडकतो आणि फोन मुका होतो. घाटात एका वळणावर तेवढी रेंज सापडते. सगळे ड्रायव्हर तिथं गाडी उभी करून घरी निरोप देतात. आजच्या रिंगा तिथल्याच. ते वळण मागं पडलं की संपलं. तुळजाबाईंनी ना अकोट पाहिलं होतं ना घाट. पण ऊन उंबऱ्यावर आलं की अकोट आणि रांजणाला लागलं की घाट, एवढं त्यांना पाठ होतं.

रात्री मुक्कामावरून वसंता बोलायचा तो संध्याशी. कधीतरी एकदा तुळजाबाईंनी फोनवर “आं? काय म्हनला?” असं दोनदा विचारलं, आणि तेव्हापासून आईला फोनवर ऐकू येत नाही हे घरात पक्कं झालं. वाईट मनानं कुणी केलं नव्हतं. पण फोन सुनेकडून नातवाकडं जायचा आणि चुलीपाशी येईस्तोवर संपलेला असायचा. लेक घरी आला तरी जेवून झोपायचा, पहाटे पुन्हा गाडीवर. जीव तुटायचा त्यांचा. आज पीठ मळता मळता वाटलं, एकदा बोलावं, बस.

संध्या फोन लावत होती. संपर्क क्षेत्राच्या बाहेर. पुन्हा तेच.

“मिरची वाळंल, बाजार हुकंल, ते ऱ्हाऊ द्या,” ती म्हणाली. “त्या घाटातून जल्दी जल्दी माघारी येईल, त्याचीच भीती वाटून राह्यली मला.”

“मेलं माझं बोट!” तुळजाबाई म्हणाल्या आणि भिंतीला टेकून बसल्या. परातीतला गोळा सुकत चालला, तरी दोघींपैकी कुणी चूल पेटवली नाही.

ऊन रांजणावरून पार सरकलं तेव्हा फोन वाजला. एक रिंग. दोन. तिसरी वाजली.

संध्यानं फोन घेतला, आणि क्षणभर थांबून सासूपुढं धरला.

“तुमीच बोला.” तुळजाबाई उठून फोन घेऊन खिडकीशी उभ्या राहिल्या.

“संध्या!” वसंताला धाप लागली होती. “आई कशी हाय? काय झालं तिला? मी अकोटला आलोय माघारी. तू तिला दवाखान्यात ने, माझी वाट पाहू नको. आई बोलती का?”

तुळजाबाईंनी फोन कानाला घट्ट दाबला. एक न् एक शब्द ऐकू येत होता.

“वसंता, मीच हाय रे. धडधाकट हाय. चुकून उचलला,” त्या म्हणाल्या आणि थांबल्या. “चुकून न्हाई. तुझा आवाज ऐकू वाटला, म्हनून उचलला.”

संध्यानं डोळे मिटून घेतले. आता हा ओरडणार.

पलीकडे गाडीचं इंजिन बंद झालं.

“बोल मंग,” वसंता म्हणाला.

तुळजाबाईंच्या मनात केवढं सांगायचं साठलं होतं! त्यातलं एक धड आठवेना. त्यांनी संध्याकडं पाहिलं, परातीकडं पाहिलं.

“जेवला का?”

“न्हाई. तू?”

“भाकरी टाकायच्या ऱ्हायल्यात,” तुळजाबाई म्हणाल्या, आणि रेंज जाऊ नये म्हणून खिडकीला चिकटून उभ्याच राहिल्या.