अठरा पावलांचा वेळ

मी एक जुने स्टॉपवॉच आहे. मित्रांनो, जरा भरभर सांगते, कारण सावकाश काही करणे माझ्या स्वभावातच नाही. कारखान्यातल्या लांब बाकावर एका कारागिराने माझ्या पोटात स्प्रिंग आणि इवलीशी चाके बसवली, किल्ली दिली, डोक्यावरचे बटण दाबले आणि माझा काटा सुटला. तेव्हापासून माझ्या जिवाला चैन नाही.

मला विकत घेतले एका शाळेतल्या खेळाच्या बाईंनी. बत्तीस वर्षे मी त्यांच्या गळ्यात होते. बाई मैदानात आल्या की भल्याभल्यांची पाचावर धारण बसे. पाठीमागे मुले त्यांना ‘वादळ’ म्हणत. कोणी धापा टाकत खाली बसले की त्या ओरडत, “दमणं पायात नसतं, मनात असतं. ऊठ!” आणि ते मूल खरेच उठे. शर्यत जिंकलेल्या मुली माझ्या काचेचा मुका घेत. त्या काळात मी फार भाव खाल्ला, खोटे कशाला बोलू?

बाई निवृत्त झाल्या आणि मी खणात गेले. तीन वर्षे कोणी किल्ली दिली नाही. तळमळत पडून होते.

खण उघडला तो त्यांच्या लेकीने. तीही खेळाचीच शिक्षिका, आईच्या वरताण. बाईंना आतड्याचा कर्करोग झाला होता. शस्त्रक्रिया झाली होती आणि दर तीन आठवड्यांनी सलाइनमधून औषध चालू होते. पण बाई भिंतीकडे तोंड करून पडून राहत. दहा तास झोपूनही त्यांचे पाय उचलत नसत. लेकीला वाटले, सराव सुटला, दुसरे काय! म्हणून पलंगापासून खिडकीपर्यंतची अठरा पावले रोज सकाळी माझ्यावर मोजायची असे ठरले. आकडे कॅलेंडरवर लिहिले जात.

पहिल्या दिवशी एकवीस सेकंद. आठवड्याने एकोणतीस. मग त्रेचाळीस. माझा काटा पुढे पळत होता आणि बाई मागे पडत होत्या.

“आई, मन लाव ना जरा!”

“लावते गं,” बाई म्हणत. लेक स्वयंपाकघरात गेली की माझ्याकडे बघून पुटपुटत, “कामचुकार झाले मी. अशा मुलांना मी संघातून काढायचे.”

मला कसेसेच होई. पण मला फक्त मोजता येते, बोलता येत नाही.

डॉक्टरांनी थकव्याबद्दल विचारले की बाई ताठ बसून सांगत, “ठणठणीत आहे.” आणि एके दिवशी घरी आल्यावर म्हणाल्या, “आता पुढची सलाइन नको. नुसती पडून राहणारी आई काय कामाची?”

चार सलाइन अजून बाकी होत्या. त्या चुकल्या तर आजार पुन्हा डोके वर काढेल, हे लेकीला ठाऊक होते. सोमवारी तिने बाईंना कसेबसे दवाखान्यात नेले आणि मला व कॅलेंडरचे पान टेबलावर आपटले.

“डॉक्टर, आई प्रयत्नच करत नाही. हे बघा आकडे!”

डॉक्टरांनी पान वाचले. “अठरा पावलांना चौसष्ट सेकंद? आणि मला सांगता ठणठणीत?” त्यांनी लगेच रक्त तपासायला पाठवले. अहवाल आल्यावर डॉक्टर उठून बाईंच्या शेजारी येऊन बसल्या.

“बाई, तापात कोणी शर्यत धावतं का?”

“छे! अंगात त्राणच नसतं.”

“ते त्राण शरीरच काढून घेतं. आजाराशी लढणाऱ्या पेशी रक्तात रसायनं सोडतात. ती मेंदूला सांगतात, पडून राहा, जेवू नको, कशात जीव रमवू नको. तापात हे दोन दिवस चालतं. कर्करोगात महिनोन्‌महिने चालतं, औषधांनी आणखी वाढतं. झोपेचं चक्र बिघडतं, मेंदूतली हुरूप देणारी रसायनं कमी पडतात. त्यात तुमचं हिमोग्लोबिन सातवर आलंय. स्नायूंना प्राणवायू मिळणार कुठून?”

“म्हणजे ही उदासी... मी भित्री झाले म्हणून नाही?”

“नाही हो! काळजीही असतेच मनात. पण शरीराचाही यात मोठा हात आहे. आणि दोन्हींवर उपाय आहेत. तुम्ही मला सांगायला मात्र हवं.”

बाई रडल्या. बत्तीस वर्षांत मी त्यांना रडताना पाहिले नव्हते. लेकीने त्यांचा हात घट्ट धरला. “चुकलं माझं, आई.”

बाईंनी डोळे पुसले आणि मैदानावर कधीच न उच्चारलेले वाक्य बोलल्या. “डॉक्टर, मी फार थकलेय.”

मग रक्त चढवले, उदासीवर गोळी सुरू झाली, आणि दोन दिवस उशिरा का होईना, सलाइनही लागली. बाई आता रोज थोडे चालतात. चालणे चांगलेच, पण अंगाला झेपेल तेवढे, असे डॉक्टरांनी बजावले आहे. काही दिवस बरे जातात, काही नाही. लेक मला किल्ली देत नाही आणि माझा जीव अजूनही वळवळतो.

पण मित्रांनो, काल बाई सातव्या पावलावर थांबल्या. लेकीने खुर्ची पुढे सरकवली आणि स्वतः जमिनीवर बसली. किती वेळ दोघी तशा बसल्या, मला सांगता येणार नाही. तुमच्या घरात कोणी असे आजारी असेल आणि ‘थकलो’ म्हणाले, तर मोजायला जाऊ नका. त्याचे खरे माना आणि त्याच्याजवळ बसा.