चाळीसच्या पुढचा शेंदूर

मी एका स्कूटरचा स्पीडोमीटर बोलतोय. नाव जरा जड आहे, म्हणून घरातले मला नुसतं 'काटा' म्हणतात. मला त्याचं वाईट वाटत नाही. गाडी पळाली की उठायचं आणि थांबली की शून्यावर येऊन पडायचं, एवढंच तर माझं काम. मधलं ज्याचं त्यानं वाचावं.

कारखान्यात माझ्या पांढऱ्या तबकडीवर शून्यापासून शंभरपर्यंत आकडे छापले, तेव्हा मी मनातून फार फुगलो होतो. वाटलं, कुणीतरी आपल्याला शंभरपर्यंत नेणार! नेणारे निघाले श्रीधरराव. उज्जैनच्या एका बँकेत नोकरी, फ्रीगंजमध्ये घर, घरात पत्नी कल्पनाताई आणि मुलगी केतकी. नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. स्कूटरसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघायचे दिवस नुकतेच सरले होते. दुकानात जावं, रंग पसंत करावा आणि गाडी घेऊन यावं, याचंच लोकांना अप्रूप होतं.

उज्जैनात नवी गाडी आधी चिंतामण गणपतीला जाते, मग घरी. आम्हीही गेलो. पुजाऱ्यांनी मडगार्डवर स्वस्तिक काढलं, हार घातला, नारळ फुटला. सगळं रीतीप्रमाणे झालं, पण कल्पनाताईंचं समाधान होईना. त्यांचा भाऊ मंदार लहानपणी सायकलवरून उतारावर पडला होता आणि त्याचा एक पाय कायमचा आखूड राहिला होता. तेव्हापासून त्यांनी वेगाची धास्तीच घेतली होती. त्यांनी पूजेच्या वाटीतला तुपात कालवलेला शेंदूर बोटावर घेतला आणि थेट माझ्या काचेवर ओढला. चांगला जाड, चाळीसच्या आकड्याला लागून पार शंभरपर्यंत.

"चाळीसपर्यंत आपलं," त्या म्हणाल्या, "पुढचं देवाचं."

देवाच्या नावानं लावलेला शेंदूर पुसणार कोण? माळव्याच्या उन्हात तो काचेवर भाजून निघाला आणि दर दसऱ्याला गाडीच्या पूजेत त्यावर नवा थर चढत गेला. माझी अर्ध्याहून जास्त तबकडी कायमची झाकली गेली. शंभरची हौस मनातच राहिली.

श्रीधररावांना त्याची काही अडचण नव्हती. अडचण होती ती टावर चौकात. रविवारी सकाळी बँकेतली मंडळी तिथे पोहे-जिलबीला जमायची आणि कुणी किती पळवली याच्या गप्पा रंगायच्या. प्रकाशरावांची नवी मोटरसायकल माझ्या शेजारीच उभी असे.

"काल इंदूर रोडवर नव्वद मारली, यार! तू काय श्रीधर, चाळीसच?"

"चाळीस बस आहेत मला," श्रीधरराव पोह्यांवर शेव घेत म्हणायचे.

मला हसू यायचं. प्रकाशरावांच्या काट्याची केबल दिवाळीपासून तुटलेली होती. बिचारा महिनोन्महिने शून्यावर पडून असायचा. नव्वद त्यांनी कुठे पाहिले, कुणास ठाऊक! माणसांची ही सवय मला फार आवडते. पगार विचारला तर कमी सांगतील, वय विचारलं तर कमी सांगतील, वेग मात्र कधी कमी सांगणार नाहीत.

माझं खरं आयुष्य सुरू झालं ते केतकीमुळे. ती सतरा वर्षांची झाली आणि कॉलेजच्या सायकल शर्यतीत पहिली आली. सरांनी तिला कॉलेजची रेसिंग सायकल वापरायला दिली. इंदूरला राज्य स्पर्धा होती. सर म्हणाले, "मोठ्या शहरांतल्या मुली शेवटच्या टप्प्यात पन्नासला जातात. तुझा वेग किती?"

केतकीला माहीत नव्हतं. सायकलला काटा कुठला!

घरी चर्चा झाली. कल्पनाताईंनी एकच अट घातली, "सराव कर, पण बाबा सोबत राहतील. चाळीसच्या पुढे गेलीस तर सायकल परत. इंदूर-बिंदूर काही नाही."

मग रोज सकाळी आम्ही देवास रोडला जायला लागलो. सायकलवर केतकी, तिच्या बाजूने स्कूटरवर श्रीधरराव. ते माझ्याकडे बघून मोठ्यानं आकडे सांगायचे, "तीस! चौतीस! अडतीस!" पुढे नागझिरीनंतरचा उतार आला की मी शेंदराच्या मागे जायचो आणि श्रीधररावांचा आवाज बंद व्हायचा.

"बाबा, किती झाले?"

"दिसत नाही गं."

"मग पुसा ना तो शेंदूर! मी इंदूरला जाण्यालायक आहे की नाही, मला कळणार कसं?"

"आईनं लावलाय. पुसायचा तर तिनंच."

घरी आल्यावर दारातच प्रश्न यायचा, "किती?" श्रीधरराव चपला काढता काढता सांगायचे, "चाळीस." ते काही खोटं नव्हतं. चाळीसपर्यंत त्यांनी खरंच पाहिलेलं असायचं. पुढचं मला एकट्याला ठाऊक होतं, आणि माझी काच बंद होती. केतकी मान खाली घालून आत जायची. मला तिची फार दया यायची. स्वतःचा वेग माहीत नसलेली तीच काय ती त्या गावात होती, बाकी सगळे नव्वदवाले!

पण कल्पनाताई भोळ्या नव्हत्या. स्पर्धा जवळ आली तशी एक दिवस त्या म्हणाल्या, "अहो, रोज बरोबर चाळीस? एकोणचाळीस कधीच नाही? भाजीवाला पण रोज एकच भाव सांगत नाही. उद्या मी येते मागे बसून."

केतकीचा चेहरा उतरला. आता सायकल जाणार, हे ती धरूनच चालली असणार.

दुसऱ्या दिवशी कल्पनाताई स्कूटरवर मागे बसल्या. उतार आला. केतकी हँडलवर वाकली आणि सुटली. मी शेंदराच्या काठाशी पोचलो तशी, आज मागे कल्पनाताई आहेत म्हणून, श्रीधररावांची ॲक्सिलरेटरवरची मूठ सैल झाली. सायकल पुढे निघाली. तिची वेणी पाठीवर उडताना दिसत होती, मग तीही लहान होत गेली.

"अहो, ती पुढे गेली ना! वाढवा!"

"चाळीस झाले गं."

"राहू दे तुमचे चाळीस! माझी पोर चाललीय तिकडे!"

मी शेंदरात शिरलो.

उतार संपला तिथे केतकी एक पाय टेकवून उभी होती. धाप लागली होती, डोळ्यांत पाणी होतं. "आई, आता सायकल परत करायची?"

कल्पनाताई स्कूटरवरून उतरल्या. माझ्यासमोर आल्या, हात जोडले. मग म्हणाल्या, "फडक्याला जरा पेट्रोल लावून द्या."

इतक्या वर्षांचा तो शेंदूर. सहज निघेना. त्यांनी नखानं खरवडला, पुन्हा पुसला. हात लाल झाले. मला एकेक आकडा मोकळा होताना जाणवत होता.

"जा, परत वर जा," त्या केतकीला म्हणाल्या. "भीती तर वाटणारच मला, मंदारचा पाय काही डोळ्यांपुढून जात नाही. पण न दिसणाऱ्याची जास्त वाटते. मला आकडा बघू दे."

पुन्हा उतार. या वेळी श्रीधरराव फक्त गाडी चालवत होते. त्यांच्या खांद्यावरून वाकून कल्पनाताई ओरडत होत्या, "बेचाळीस! शेहेचाळीस! अगं बाई... पन्नास! केतू, एक्कावन्न!"

इंदूरला केतकी चौथी आली. घरी आल्यावर सगळ्यांनी पोटभर श्रीखंड खाल्लं.

त्याला आता काही वर्षं झाली. जुनी द्या, नवी घ्या, अशा एका मेळ्यात स्कूटर गेली. तिच्या जागी दारात मोटरसायकल आली. कल्पनाताईंनी मला मात्र मेकॅनिककडून सोडवून घेतलं. आता मी फोनशेजारच्या फळीवर असतो. केबल नाही, काटा शून्यावर पडलेला. दसऱ्याला मला अजून शेंदूर लागतो, पण अगदी खाली, शून्याच्याही खाली, एक टिकली.

तुमच्याही गाडीला कुणी काळजीनं शेंदूर लावला तर लावू द्या. फक्त आकडे मोकळे ठेवा.

केतकी भोपाळला मुलींना सायकलिंग शिकवते. तिच्या सायकलला आता इवलासा काटा आहे. रविवारी तिचा फोन येतो. कल्पनाताई विचारतात, "जेवलीस?" आणि लगेच, "किती?" मग पलीकडून येणारा आकडा त्या माझ्या काचेवर शोधतात. ज्या बोटानं शेंदूर ओढला होता ते बोट हळूहळू चाळीस ओलांडतं, आणि आकडा सापडला की तिथेच टेकून राहतं.