नाव न घातलेला परिचय

शिवडीच्या नवोदय सेवा मंडळात सत्काराची एक जुनी रीत आहे. ज्याचा सत्कार, त्यानेच आपला परिचय लिहून द्यायचा. तोही ‘मी’ असं कुठेही न म्हणता, जणू कुणी तिऱ्हाइताने आपल्याला जवळून पाहून लिहिलाय अशा थाटात. मग सूत्रसंचालक तो गंभीर आवाजात वाचतो, सत्कारमूर्ती स्वतःच लिहिलेलं स्वतःचं कौतुक मान खाली घालून, लाजत लाजत ऐकतो, आणि हे सगळं माहीत असूनही सभागृह टाळ्या वाजवतं. यात कुणालाही काही वावगं वाटत नाही.

ज्यांना लिहायचा कंटाळा, त्यांचा परिचय चिंतामणी पारकर लिहून द्यायचा. माईकही गेली बत्तीस वर्षं त्याच्याच हातात. पोटापाण्याला तो रे रोडच्या एका लाकडाच्या वखारीत मापारी होता, पण आपला खरा धंदा निवेदनाचा आणि वखार हा जोडधंदा, अशी त्याची पक्की समजूत. त्याने लिहिलेल्या परिचयाचा साचा ठरलेला. सत्कारमूर्ती शांत, संयमी, मनमिळाऊ, मितभाषी आणि समाजकार्याची तळमळ असलेले. नळावरच्या भांडणात शेजाऱ्याची बादली गॅलरीतून खाली फेकून देणारा माणूसही चिंतामणीच्या कागदावर संयमीच निघायचा. शिवाय कागदावर नाव घालायचं नाही, सगळीकडे ‘सत्कारमूर्ती’ लिहायचं, हा त्याचा शिरस्ता. एकच कागद तीन-तीन वर्षं चालायचा. नाव तेवढं वेगळ्या यादीवरून वाचलं की झालं.

यंदा मंडळाच्या वर्धापनदिनाला सत्कार दोघांचे ठरले. एक कोळीवाड्यातला हरेश्वर नाखवा, चाळीस वर्षं होडी चालवलेला. आणि दुसरा, कधी नव्हे तो, खुद्द चिंतामणी. मंडळाचा सेक्रेटरी निलेश स्वतः घरी सांगायला आला.

“काका, रीत तुम्हाला माहितीच आहे. तुमचा परिचय तुम्हीच लिहा. हरेश्वरकाका म्हणतायत, चिंत्यालाच काय ते लिहू दे. म्हणजे दोन्ही तुमच्याकडेच. माईकवर श्रेया असेल, बँकेतली.”

“तिला जमेल?”

“काका, वाचायचंच तर आहे.”

हे वाक्य चिंतामणीला बोचलं.

हरेश्वरचा परिचय त्याने पाच मिनिटांत साच्यातून काढला. स्वतःचाही काढला असता, पण आदल्याच आठवड्यात एक प्रकार घडला होता. औषधाच्या दुकानात तो गोळ्या घेऊन वळला, तेवढ्यात चाळीत नव्याने राहायला आलेल्या एकाने दुकानदाराला विचारलं, “हे कोण ओ?” दुकानदार म्हणाला, “ते? ते माईकवाले. कार्यक्रमात बोलतात.” “नाव काय?” “नाव… असेल काहीतरी.” बत्तीस वर्षं ज्याने अख्ख्या वस्तीची नावं खणखणीत आवाजात पुकारली, त्याचं स्वतःचं नाव ‘असेल काहीतरी’! त्या दिवशी घरी आल्यावर त्याने चहासुद्धा घेतला नाही. आपल्याला सगळे ऐकतात, पण ओळखत कुणी नाही, हे त्याच्या मनाने घेतलं.

रविवारी जेवणं उरकल्यावर तो कागद घेऊन बसला. ‘शांत, संयमी’ एवढं लिहून झालं आणि भांडी पुसता पुसता त्याच्या बायकोने, शांतीने, खांद्यावरून वाकून वाचलं.

“हे कोण गृहस्थ? आपल्याकडे जेवायला येतात का कधी?”

“अगो, परिचय असाच लिहितात.”

“काल शेजारच्या पोराने क्रिकेट लावलं, तर तुम्ही अंपायरला किती वेळ झापत होतात? आणि म्हणे मितभाषी! एकदा तरी खरं लिहा ओ. चार टाळ्या कमी पडतील, दुसरं काय होणाराय?”

चिंतामणीने कागद फाडला. दुसरा घेतला. खरं लिहायचं म्हटल्यावर पेनच चालेना. दुसऱ्यांबद्दल खोटं लिहिताना हात कसा सरसर चालायचा! तीन दिवस तो वखारीतही पाठीवर हात बांधून विचारात फिरला आणि एका गिऱ्हाइकाचा वासा अर्धा फूट जास्त मोजून मोकळा झाला. शेवटी गुरुवारी एकदाचं लिहून झालं. वाचून त्याला हसू आलं, मग भीती वाटली. नाव न सांगता हे वाचलं तर हा माणूस कोण हे शिवडीत कुणाला सांगता येईल का, हा एकच किडा त्याच्या डोक्यात वळवळत राहिला. कुणालाच सांगता आलं नाही, तर काय? मग आपण माईकवालेच.

आणि इतकं सगळं मनात असूनही, हाताच्या सवयीने त्याने कागदावर नाव घातलं नाहीच. दोन्ही परिचय एका पाकिटात घालून निलेशकडे दिले.

कार्यक्रमाला शाळेचा हॉल भरला होता. व्यासपीठावर दोन खुर्च्या. एकीवर कडक इस्त्रीचा झब्बा घातलेला हरेश्वर, दुसरीवर चिंतामणी. हातात माईक नसल्यामुळे हातांचं काय करायचं ते त्याला कळत नव्हतं. श्रेयाने पाकीट उघडलं, यादी पाहिली आणि म्हणाली, “पहिले सत्कारमूर्ती, श्री. हरेश्वर नाखवा!” टाळ्या झाल्या. हरेश्वर उठून उभा राहिला. श्रेयाने वरचा कागद घेतला आणि वाचायला सुरुवात केली.

“सत्कारमूर्तींचं आयुष्य लाकूड मोजण्यात गेलं. अडतीस वर्षं ते दुसऱ्यांचं सागवान मोजतात. त्यांच्या स्वतःच्या घरात सागवानाचं म्हणाल तर एक पाट आहे, तोही सासरहून आलेला.”

चिंतामणीने आपलंच वाक्य ओळखलं. कागदांची अदलाबदल झाली होती! हरेश्वर तोंड किंचित उघडं ठेवून श्रेयाकडे बघत राहिला. पुढच्या रांगेतला एक सदस्य बाजूच्याला म्हणाला, “होडीचं लाकूड असेल रे.”

“सत्कारमूर्तींच्या खिशात कायम मोजायची टेप असते. लग्नाला गेले तरी आधी ते हॉलचा दरवाजा मोजतात आणि मग आहेर देतात.”

मागून कुणीतरी फिसकन हसलं. चिंतामणीने हात वर करून श्रेयाला थांबवायचा प्रयत्न केला, पण पहिल्यांदाच माईक मिळालेल्या माणसाला कागदाखेरीज काही दिसत नाही. ती वाचतच राहिली.

“कुणाचं कपाट जिन्यावरून उतरत असेल, तर सत्कारमूर्ती हातातलं काम टाकून तिथे हजर होतात. स्वतः हात लावत नाहीत, कारण कंबर. खाली उभं राहून ‘डावीकडे घे, अर्धा इंच, आणखी अर्धा’ असं सांगणं हा त्यांचा आवडता छंद आहे.”

आता हॉलमधल्या माना एकेक करून वळायला लागल्या. हरेश्वरवरून नजरा सरकत सरकत दुसऱ्या खुर्चीवर येऊन थांबल्या. मधल्या रांगेतून एक बाई मोठ्याने म्हणाली, “अगो बाय, हे तर पारकर!” आणि हॉलभर एकच हशा पिकला.

श्रेया गोंधळली. “सॉरी, सॉरी, बहुतेक कागद…”

“वाच, वाच! थांबू नको!” चहूकडून आरडाओरडा झाला.

चिंतामणी उठला. अशा वेळी कार्यक्रम सावरायचं काम बत्तीस वर्षं त्याचंच. “मंडळी, क्षमा असावी, हा परिचय चुकून…”

“चिंतू, बस रे खाली!” कॅरम क्लबची मंडळी बसलेल्या कोपऱ्यातून आवाज आला.

“एवढी वर्षं तूच बोलतोयस. आता ऐक!” दुसरा ओरडला.

तो बसला. श्रेयाने घाबरत घाबरत पुढे वाचलं.

“सत्कारमूर्ती रोज संध्याकाळी कॅरम क्लबात जातात. स्ट्रायकरला हात लावून त्यांना बावीस वर्षं झाली, पण हरणाऱ्या प्रत्येकाला तो का हरला ते समजावून सांगितल्याशिवाय ते घरी जात नाहीत.” कॅरम क्लबचा कोपरा खुर्च्या वाजवायला लागला. “मासळी बाजारात ते प्रत्येक पाटीतल्या माशांचे कल्ले उचलून पाहतात, जाणकारासारखी मान हलवतात, आणि शेवटी बायकोने फोनवर सांगितलेले बांगडेच घेऊन येतात.”

“माझ्याच बायकोकडनं नेतो!” हरेश्वर व्यासपीठावरूनच गरजला. “कल्ले बघून बघून मासा सुकवतो हा!”

लोक डोळे पुसत हसत होते. चिंतामणीही हसत होता, पण त्याचं लक्ष दुसरीकडेच होतं. कागदावर नाव नव्हतं. उलट दुसऱ्याचंच नाव पुकारलं होतं. तरी या माणसांनी त्याला टेपच्या ओळीवर हेरलं आणि कपाटाच्या ओळीला रंगेहाथ पकडलं. त्याला इतका आनंद झाला की तो लपवण्यासाठी त्याने उगाच चष्मा काढून पुसायला घेतला.

हशा ओसरल्यावर चौथ्या रांगेत आकांक्षा उभी राहिली. चिंतामणीच्याच चाळीत दुसऱ्या माळ्यावर राहणारी, शांत मुलगी. “त्यात एक राहिलंय,” ती म्हणाली. “माझे पप्पा गेले तेव्हा काका आले आणि त्यांनी टेप काढून जिन्याचं वळण मोजायला घेतलं. मला एवढा राग आला होता! म्हटलं, या माणसाला आतासुद्धा मापंच सुचतायत. पण आमच्या त्या जिन्यावरून गेलेल्या माणसाला उभं करून न्यावं लागतं. पप्पांना काकांनी आडवंच खाली आणलं. एकदाही तिरकं होऊ दिलं नाही. त्यांची कंबर धरलेली होती, तरी पुढचा बांबू त्यांच्याच खांद्यावर होता. मी तेव्हा थँक्यू म्हटलं नव्हतं.” एवढं बोलून ती खाली बसली.

हॉलमध्ये कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. शांतीने पदर तोंडाला लावला. चिंतामणीला रडू आलं, आणि ते सगळ्यांसमोर आलं याची त्याला लाज वाटली नाही.

निलेशने घसा साफ केला. “मग… आता हरेश्वरकाकांचा परिचय घेऊ.” श्रेयाने उरलेला कागद उघडला. तिच्या शेजारूनच चिंतामणीला आपलं अक्षर दिसलं, आणि त्या अक्षरातलं ते साच्यातलं गुळगुळीत कौतुक. हरेश्वर शाल-श्रीफळाची वाट पाहत अजून उभाच होता. त्याची बायको पहिल्या रांगेत नवी साडी नेसून, नवऱ्याबद्दल काय सांगतायत ते ऐकायला पुढे सरकून बसली होती. चिंतामणीला अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं. किती जणांना आपण असं उभं केलं आणि काहीच सांगितलं नाही!

तो उठला, श्रेयाच्या हातातून माईक घेतला. कागद घेतला नाही.

“मंडळी,” तो म्हणाला, “हा हरेश्वर. हा बोलायला लागला की नव्या माणसाला वाटतं भांडण पेटलं. खरं तर तो जेवायला बोलवत असतो. चाळीस वर्षं समुद्रात होडी चालवली, पण बेस्टच्या बसमध्ये याला उलटी होते. बायकोशी भांडून गेला, तर समुद्रातून रेंज जायच्या आत फोन करून माफी मागतो. रेंज गेल्यावर पुन्हा शिव्या घालतो.”

हरेश्वरची बायको तोंडाला हात लावून हसायला लागली. “खरं आहे,” ती शेजारणीला म्हणाली, “अगदी खरं.”

“याचा पोरगा दिनेश कंपनीत लागला, त्या दिवशी याने सकाळभर पेढे वाटले. संध्याकाळी मी बंदरावर गेलो, तर हा एकटाच जाळं शिवत बसलेला. म्हटलं, आता कोणासाठी शिवतोस? पोरगा काही होडीवर यायचा नाही. तर म्हणाला, येऊ नये म्हणूनच तर चाळीस वर्षं गेलो. आणि शिवत राहिला. मी त्याच्या बाजूला बसून राहिलो.”

चिंतामणी थांबला. निलेश शाल घेऊन पुढे आला होता. हरेश्वरने हाताने त्याला मागे सारलं, आणि तो एवढा मोठा, काळाकभिन्न माणूस खुर्ची ओढून चिंतामणीच्या अगदी समोर बसला.

“शाल राहू दे जरा,” तो म्हणाला. “चिंत्या, अजून बोल. मना घाई नाय.”