माझं नोझल दर्यावर गेलं

मित्रांनो, वसईच्या कोळीवाड्यामागच्या शेडमध्ये सिमेंटच्या ओट्याला जखडलेलं मी एक जुनं डिझेल इंजिन आहे. आता कळकट दिसत असलं तरी मला ऐरंगैरं समजू नका! उभी हयात मी होडीत काढली. वाऱ्याविरुद्ध भरलेली होडी किनाऱ्याला आणली. होडीचा म्होरक्या, तांडेल, माझ्यावर हात फिरवून म्हणायचा, "हा गडी हाय म्हनून आपन हाय!" मग होडीवर मोठं इंजिन बसलं आणि माझी रवानगी इथे झाली.

आत्माराम सर इथे इंजिन दुरुस्तीचे प्राथमिक धडे देतात. जवळच्या उमेळ्याची, जूचंद्रची मुलं मला खोलतात, पुसतात, पुन्हा जोडतात. सुरू झालं की टाळ्या, आणि लगेच बंद. अहो, जागच्या जागी धडधडायचं, हे काय जगणं? संध्याकाळी परतणाऱ्या होड्यांचा आवाज ऐकून जीव नुसता तुटायचा. म्हणून सरांनी एका होडीवाल्याशी मला देण्याची बोलणी केली, तेव्हा मला कोण आनंद झाला! ही तुकडी संपली की मला पुन्हा समुद्र दिसणार होता.

त्याच तुकडीत, १९९८च्या पावसाळ्यात, पाचूबंदरची हिल्डा आली. नवरा होडीवर, ती मासळी विकणारी. मुलं खुसुखुसु हसली.

"हसा बाबांनो," ती म्हणाली. "इंजिन बंद पडलं का घरची चूल बंद. मना शिकायचंय."

सरांचा पहिला धडा ठरलेला. "डिझेलमध्ये पाणी शिरू द्यायचं नाही. डिझेल फवारणारं नोझल गंजलं की खेळ खलास."

परीक्षेला तिनं मला एकटीनं जोडलं, क्रुसाची खूण केली आणि हँडल मारलं. मी एका झटक्यात सुरू! इतक्या मायेनं मला कुणीच जोडलं नव्हतं.

पावसाळी बंदी संपून होड्या पाण्यात उतरायच्या आदल्या दिवशी ती धापा टाकत आली. हातात गंजलेलं नोझल.

"सर, आमच्या टाकीत पानी उतरलं होतं. मीच खोलून बघितलं. मुंबईला नागदेवीची सुट्या भागांची दुकानं पालथी घातली, या जुन्या बनावटीचं मिळतच नाय. उद्या होडी गेली नाय तर खलाशी दुसऱ्याकडं जातील. हंगामच बुडाला आमचा!"

माझी बनावट तीच होती. सरांनी माझ्या नोझलवर बोट ठेवलं.

"हे काढलं तर याचं होडीवर जाणं राहिलं, हिल्डा."

तिनं पान्याला हात लावला नाही. शेवटी सरांनीच तिच्या हातात पाना दिला. "काढ. तुला येतं."

मित्रांनो, खोटं कशाला सांगू? नको म्हणून ओरडावंसं वाटलं मला. पण तिनं आधी मला पदरानं पुसलं, मगच पाना लावला.

त्या दिवसापासून माझी धडधड थांबली. मुलं खोलतात, जोडतात, तेवढंच. हिल्डा मात्र बाजारातून परतताना डोकावते, मासळीचा हात पदराला पुसते आणि माझं हँडल फिरवते. "जाम व्हायचं नाय हां!" म्हणते. तुमच्या घरी एखादं जुनं यंत्र बंद पडून असेल, तर भंगारात टाकायची घाई करू नका. अधूनमधून त्याला हात लावा.

संध्याकाळी होड्या परततात. त्यांतला एक आवाज, माझं नोझल बसवलेल्या हिल्डाच्या होडीचा, मला बरोबर ओळखू येतो. तो ऐकू येईपर्यंत मला चैन पडत नाही.