वकिलांचं हसू

फ्रँकफर्टच्या घरी स्नेहलताबाईंच्या पॅसेजमध्ये चाळीस वर्षं एक जुनं फ्रेंच छापील चित्र होतं. नुकतेच कोर्टात एकमेकांची सालटी काढून आलेले दोन वकील गळ्यात गळा घालून चाललेत आणि मागे अशील डोळे पुसतोय. यजमान सुधीरराव होते तोवर पाहुण्यांना ते दाखवून पोट धरून हसायचे. बाईही हसायच्या.

आज कोर्टाच्या व्हरांड्यात तेच चित्र समोर उभं होतं आणि हसू येत नव्हतं.

घरमालकीण वारली होती. दर दिवाळीला चिवडा खाताना ती म्हणायची, तुम्ही असेपर्यंत जागा तुमची. आता इमारत तिच्या पुतण्याकडे आली होती आणि त्याला तिथे राहायला यायचं होतं. हा शब्द लेखी का घेतला नाही, असं न्यायाधीशबाईंनी विचारलं. फराळाला बसलेल्या थोरल्या बाईकडे सही मागायची? शेवटी आपसात मिटवायला अर्धा तास मिळाला.

आणि त्यांची वकील मालविका, जयंतभाऊजींची मुलगी, पुतण्याच्या वकिलाशी खिदळत होती. आत याच माणसानं बाईंना हट्टी म्हटलं होतं. बाईंनी पर्स उघडली, मिटली. उठल्या, बसल्या. पोरीनं विकलं की काय आपल्याला?

मालविका आली. "काकू, दोन वर्षांची मुदत देताहेत. घेऊन टाका."

"हसत काय होतीस?"

"त्याचा लेक बालवाडीतल्या बाईंना चावला."

"आत मला हट्टी म्हणाला तो."

"गेनाऊ, अगदी बरोबर. आणि मी त्याच्या माणसाला लोभी म्हटलं. उद्या दुसऱ्या केसला पुन्हा समोरासमोर आहोत काकू, तोंड वाकडं करून कसं चालेल?"

बाईंनी पलीकडच्या वकिलाकडे एकदा पाहिलं.

"मग जा, अजून हस त्याच्याशी. आपल्याच इमारतीतला तळमजला रिकामा होतोय. माझं वरचं घर पुतण्याला घेऊ दे, खालचं मला, मी असेपर्यंत. आणि या वेळी कागदावर."

दोन्ही वकिलांची डोकी जवळ आली. पुतण्याला बोलावलं, त्यानं आठ्या घातल्या, पुन्हा बोलणं झालं.

मग आत न्यायाधीशबाईंनी समझोत्याचं एकेक वाक्य मोठ्यानं सांगून नोंदवलं. बाईंनी प्रत्येक वाक्याला मान हलवली. "असेपर्यंत" पुन्हा वाचायला लावलं.

बाहेर येताना त्यांच्या मनात आलं, तळमजल्याच्या खिडकीतून नुसता रस्ता दिसतो. आभाळ दिसत नाही.