कानसाहेबांचं बेअरिंग

चाकाचं बेअरिंग निवडणं ही माणसाच्या विवेकाची खरी कसोटी आहे. शिक्षण, नोकरी, लग्न हे सगळं इतर लोक परस्पर ठरवून टाकतात. पावसात चालवायच्या सायकलीच्या मागच्या चाकात काय बसवायचं, हे मात्र ज्याचं त्यालाच ठरवावं लागतं. समोर सायकलमिस्त्री नसेल तर. मिस्त्री होता.

"सिरॅमिकचं घ्या," तो म्हणाला. "गोळ्या जन्मात गंजत नाहीत. शर्यतवाले हेच वापरतात."

"गोळ्या नाही गंजत," कानसाहेब म्हणाले. "पण त्या ज्या कड्यांत फिरतात ती कडी कशाची?"

"पोलादाची."

"म्हणजे टोपी कोरडी, डोकं ओलं. पुढचं दाखवा."

मिस्त्रीने पत्र्याच्या झाकणाचं बेअरिंग बोटावर चढवून टिचकी मारली. ते गरगर फिरत राहिलं. "बघा! थांबायचं नाव नाही."

"कसं थांबेल? झाकण आतल्या कड्याला टेकतच नाही. एवढी फट पाण्याला पुष्कळ झाली. छत्तीस वर्षं पाणीखात्यात काढलीत मी, मिस्त्री. पाण्याला आमंत्रण लागत नाही."

हे खरं होतं. खात्यात त्यांना कानसाहेब म्हणत. जमिनीखालच्या नळाला गळती कुठे आहे, हे ते ऐकून सांगत. नळाच्या व्हॉल्व्हवर लोखंडी दांडी टेकवायची, दांडीच्या वरच्या लाकडी वाटीला कान लावायचा आणि म्हणायचं, "इथे खणा." खात्याने मध्यंतरी या कामासाठी यंत्रही आणलं होतं. ते कपाटात सुखरूप होतं.

यंदा मात्र कानसाहेबांनी दोनदा "इथे खणा" म्हटलं आणि दोन्ही वेळा खाली ठणठणीत कोरडी माती निघाली. तेव्हा इंजिनियरसाहेबांनी अत्यंत मायेने सुचवलं, की शाळेमागच्या रस्त्यावरची गळती शुक्रवारी सापडली नाही, तर सोमवारपासून रेकॉर्डरूममध्ये बसावं. रेकॉर्डरूममधून आजवर कुणी परत आलेलं नव्हतं.

कानसाहेबांचं निदान तयार होतं. मागच्या चाकाचं बेअरिंग पावसाने खाल्लं होतं. चार किलोमीटर त्याची करकर ऐकत गेल्यावर ती कानात बसते आणि मग नळाचं काही ऐकू येत नाही. दोष कानाचा नव्हता, चाकाचा होता.

"मग हे," मिस्त्रीने शेवटची डबी काढली. "दोन्ही बाजूंना रबरी झाकण. पाणी आत जाणार नाही, पण फिरायला जड. या वयात पायाला त्रास होईल."

"वय पायांना आहे, मला नाही. हेच द्या."

निवड अचूक होती. कानसाहेब तेवढ्यावर थांबले नाहीत. त्यांनी सुईने एक झाकण उचकटायला लावलं, आतलं ग्रीस पाहून कारखान्याच्या चिक्कूपणाबद्दल चार शब्द काढले आणि भर घालून घेतली. मिस्त्रीने हातोडी उचलताच त्यांनी त्याचं मनगट धरलं.

"ठोकायचं नाही. दाबून बसवायचं, तेही बाहेरच्या कड्यावर. आतल्या कड्यावर दणका बसला की बेअरिंग कामातून गेलं."

"साहेब, दुकान कुणाचं आहे?"

"दुकान तुमचं. चाक माझं."

घरी त्यांनी सायकल उलटी करून बायकोला मागचं चाक फिरवायला सांगितलं.

"येतोय आवाज?"

"नाही."

"नीट ऐक."

"अहो, ऐकतेय. एवढं गप्प या घरात दुसरं काही नाही."

कानसाहेबांना बारीक करकर ऐकू येत होती. "नवीन आहे. एक दिवस रुळायला लागतो."

बायको चाकाकडे नाही, त्यांच्याकडे बघत होती. "परवा दारावरची बेल पण ऐकू आली नाही तुम्हाला."

"पेपर वाचत होतो."

"परवा पेपर आलाच नव्हता."

शुक्रवारी धो धो पाऊस होता. सायकल डबक्यांतून अशी गेली, की कानसाहेबांना स्वतःच्या बुद्धीचं पुन्हा एकदा कौतुक वाटलं. शाळेमागे मुकादम दोन गड्यांसह ताडपत्री धरून उभा होता. गेली बावीस वर्षं कानसाहेब सांगत आणि मुकादम खणे.

"साहेब, आज तरी पाणी लागू द्या. दोन खड्डे झालेत. तिसऱ्यात झाड लावू म्हणतायत सगळे."

"लावा. पाणी मी देतो."

त्यांनी पहिल्या व्हॉल्व्हवर दांडी टेकवली. करकर. पुढच्या व्हॉल्व्हवर गेले. तेवढीच करकर. त्याच्या पुढच्यावरही तेवढीच. गळतीचा आवाज जवळ जावं तसा वाढतो. सगळीकडे सारखा असेल तो गळतीचा नव्हे, हे त्यांनीच मुकादमाला कधीतरी शिकवलं होतं. कानसाहेबांनी दांडी वर उचलली. कशालाही न टेकलेली दांडी पावसात धरून ते ऐकत राहिले. तेवढीच करकर.

"लागलं का साहेब?"

"लागलं," कानसाहेब म्हणाले. मग दांडी पुढे केली. "मुकादम, जरा तुम्ही ऐका."

"मी?"

"कान आहेत ना?"

"आहेत. पण खात्याने कधी मागितले नाहीत."

मुकादमाने तीन ठिकाणी ऐकलं. प्रत्येक ठिकाणी डोळे मिटून, अगदी कानसाहेबांसारखं. "इथे नाही, साहेब. पुढे, फाटकापाशी. किटली उकळायला लागावी तसं वाजतंय."

कानसाहेब फाटकापाशी चालत गेले, बुटाच्या टाचेने चिखलात फुली मारली आणि गड्यांना नेहमीच्याच आवाजात म्हणाले, "इथे खणा."

तासाभरात पाणी लागलं. ताडपत्रीखाली त्यांनी अहवाल भरला आणि 'गळती शोधणाऱ्याचे नाव' या रकान्यात मुकादमाचं पूर्ण नाव लिहिलं.

मुकादम वाकून बघत होता. "हे कशाला साहेब? तुमचंच टाका की."

"अहवालात एकदा तरी खरं लिहून बघावं. काय होतं ते कळेल."

काय झालं ते सोमवारी कळलं. दांडी मुकादमाकडे गेली आणि कानसाहेब रेकॉर्डरूममध्ये. रेकॉर्डरूम त्यांच्या घरापासून चालत सात मिनिटांवर आहे.